धोंड्याच्या ताटातली पॉलिसी

मामा,

परवा तुमचा तेरावा झाला. पंगती उठल्या, पाहुणे पांगले, आणि मामींनी मला आतल्या खोलीत बोलावून तुमचा पत्र्याचा डबा हातात दिला. "कागदातलं मला काय कळतंय? तुमीच बघा," म्हणाल्या. तेव्हापासून डबा माझ्याजवळ आहे. काल कामावर नेला, आज परत घरी आणला. आत जे बघायचं ते पहिल्याच दिवशी बघून झालंय, पण तुमच्याशी बोलल्याशिवाय तो बंद करून ठेववत नाही. तुम्ही होता तेव्हा मी तुमच्याशी नीट बोललो नाही, म्हणून आता लिहायला बसलोय. खरं सांगू का, थकलोय. रडायलासुद्धा अंगात जोर लागतो.

चौदा वर्षं आपण सासरा-जावई होतो. या चौदा वर्षांत आपण जेवढं बोललो, तेवढं तुम्ही कंडक्टर असताना स्वारगेट ते वेल्हे एका फेरीत प्रवाशांशी बोलत असाल. पाऊस कसा आहे, भात कसं आहे, एसटी वेळेवर आली का, एवढ्यावर आपलं भागायचं. तुम्ही मला 'जावईबापू' म्हणायचात आणि मी मान खाली घालून चहा प्यायचो. नंदा म्हणायची, "दोघं एका खोलीत बसलात की घड्याळाची टिकटिक ऐकू येते."

टिकटिक खरं तर तुमच्या चिमट्याची असायची. तिकिटाला भोक पाडायचा तो चिमटा निवृत्तीच्या वेळी जमा करायला हवा होता. तुम्ही 'हरवला' म्हणून दंड भरलात आणि घरी आणलात. उभ्या आयुष्यात तेवढी एक लबाडी तुमच्या नावावर आहे. रविवारी राजगडावर जाणाऱ्यांच्या गाड्या तुमच्या अंगणात लागायच्या. तुम्ही आंब्याखाली बाजेवर बसून पुठ्ठ्याच्या तुकड्याला भोक पाडून एकेकाला द्यायचात, जसं काही ती मोटारसायकल नसून लाल गाडी आहे. घरात येणाऱ्या प्रत्येक कागदालाही तुम्ही वाचून भोक पाडायचात. लाइटचं बिल, लग्नाच्या पत्रिका, एवढंच काय नंदाचं दहावीचं गुणपत्रक. त्यावरून मामी अजून बोलतात. मी एकदा विचारलं, तर तुम्ही म्हणाला होता, "भोक म्हंजी बघितलं. भोक न्हाई म्हंजी अजून बघायचं हाय."

हे आत्ता का सांगतोय ते पुढे येईल.

माझी कंपनी गेली तो जानेवारी तुम्हाला आठवत असेल. हायवेवर शिवऱ्याच्या पुढं गाड्यांचे रबरी भाग बनवायचो आम्ही. सतरा वर्षं मी तिथं माल तपासायला होतो. मशीन दुसऱ्या राज्यात हलवायच्या ठरल्या आणि आम्हाला एका हॉलमध्ये बसवून, समोसा देऊन, सांगण्यात आलं. पगार गेला त्याचं दुःख तेव्हाच्या तेव्हा झालं. पण त्याच हॉलमध्ये ऑफिसातला एक माणूस आणखी एक कागद वाटत होता, त्याकडं माझं धड लक्ष नव्हतं. कंपनीनं आम्हा सगळ्यांचा आरोग्याचा विमा उतरवला होता, तो महिनाअखेर संपणार होता. ज्याला हवा त्यानं मुदतीत अर्ज करून, हप्ता स्वतः भरून, तो आपल्या नावावर करून घ्यायचा. तसं केलं तर जुन्या आजाराला विमा पहिल्यासारखाच चालू राहतो. मुदत चुकली की नवी पॉलिसी, आणि जुन्या आजाराला काही वर्षं थांबा.

आमच्या घरात जुना आजार होता. लहानपणी नंदाला सांधे धरून ताप आला होता, त्यातून हृदयाची झडप आकसलेली. कंपनीच्या विम्यावर फुग्यानं ती मोकळी केली होती, आणि डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, ही काही वर्षांची सोय आहे, पुढं झडप बदलावी लागणार. म्हणजे विमा ही आमच्या घरात चैन नव्हती. तरी मी तो कागद टीव्हीखाली सारला. हप्ता वर्षाचा एकदम भरायचा होता आणि मी बेकार होतो. रोज सकाळी डबा न घेता घराबाहेर पडायचो आणि कुणाकुणाला फोन करून दुपारी परत यायचो. त्या दिवसांत माझ्या तोंडाला लागणं म्हणजे विस्तवाशी खेळणं होतं.

शिमग्याच्या आधी तुम्ही आलात. नसरापूरला गाडी बदलून, भर उन्हात. नंदानं तुम्हाला फोनवर सांगितलं होतं, हे मला माहीत नव्हतं. चहाचा पहिला घोट घेऊन तुम्ही बंडीच्या आतल्या खिशातून पाकीट काढलंत आणि कॉटवर, आपल्या दोघांच्या मध्ये ठेवलंत.

"हप्त्याचं हाय. नंदीसाठी."

"नोकरी गेलीय मामा, मी नाही गेलो अजून."

"तसं कुठं म्हनलं म्या?"

"बायकोच्या औषधपाण्यासाठी सासऱ्यापुढं हात पसरायचा का आता?"

"पसरला कुठं? म्या आपनहून आनलंय."

"उचला ते. उचला म्हणतो ना."

स्वयंपाकघरात नंदाचं भाकरी थापणं थांबलं. तुम्ही पाकीट उचललंत, चहा संपवलात, "च्या ग्वाड झालाय," म्हणालात आणि टोपी सारखी करून निघालात. मी तुम्हाला स्टँडपर्यंत सोडायलासुद्धा आलो नाही. दारातून बघत होतो. तुम्ही सावली धरून चालत होता, आणि त्या रस्त्याला सावली कुठली. त्यानंतर आठच दिवसांत मुदत संपली. ते मला नंतर, कागद टीव्हीखालून काढल्यावर कळलं.

चार महिने तुमचा फोन नाही. नंदाशी बोलायचात, माझी खुशाली विचारायचात, पण मला फोन नाही. मला वाटलं, रुसलात. मग अधिक महिना लागला आणि मामींचा निरोप आला, "धोंड्याला या दोघं."

त्या वर्षीचा धोंडा भर पावसात होता. तुमच्या पालीत भाताची लावणी चालली होती, गडाचं टोक दिवसभर ढगात. तुम्ही दुपारपर्यंत चिखलात होता आणि आम्ही आलो तसे पाय धुऊन, पांढरी टोपी घालून ओसरीवर आलात. मामींनी पुरणाचे धोंडे केले होते. आम्हाला पाटावर बसवलं, ओवाळलं, टोपी-उपरणं दिलं, दिवा दिला आणि तेहतीस अनारशांचं ताट पुढं केलं. अनारशांच्या खाली घडी घातलेला कागद होता. काढून बघितला, तर आरोग्य विम्याची पॉलिसी. पहिल्या पानाच्या कोपऱ्याला गोल भोक.

"हे काय, मामा?"

"वान हाय."

"अहो पण..."

"वानाला न्हाई म्हनत न्हाईत, जावईबापू. आमचं पुन्य बुडवता काय?"

बिनतिकिटाचा प्रवासी पकडल्यावर कंडक्टरच्या डोळ्यांत जे काही येत असेल, ते त्या वेळी तुमच्या डोळ्यांत होतं. मला मान खाली घालावी लागणार नाही अशी वाट शोधत हा माणूस चार महिने गप्प बसला होता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. तुमचा रागही आला. बोलायला लागू नये म्हणून मी लागोपाठ तीन धोंडे खाल्ले. मामी खूश झाल्या.

पॉलिसी तुम्ही भोरला जाऊन काढली होती, नंदाला सोबत घेऊन, तिच्याच सहीनं. माझं आधार कार्ड तिनं कपाटातून पळवलं होतं. ते सगळं तिनं मला येताना गाडीत सांगितलं. एजंट म्हणाला होता, "काका, आजाराचं लिहू नका, कोण बघतंय?" त्यावर तुम्ही खुर्ची पुढं ओढलीत. "गाडीत चेकर कंदी ना कंदी चढतोच, साहेब. हाय ते समदं लिवा." आणि पत्ता पालीचा घालायला लावलात. भाड्याच्या खोलीचा काय भरवसा, टपाल आमच्याकडं बरोबर येतं, म्हणालात. हे सांगताना नंदा इतकी हसत होती की तिला दम लागला.

तुम्ही पहिलं पान वाचून भोक पाडलं होतं. मी घरी येऊन आठवं पान वाचलं. सतरा वर्षं माल तपासायची सवय, बारीक अक्षर सुटत नाही. पॉलिसी नवी होती. आधीपासूनच्या आजाराला पहिली तीन वर्षं काही मिळणार नव्हतं. म्हणजे ज्या एका गोष्टीसाठी तुम्ही हप्ता भरला होता, तीच तीन वर्षं त्यात बसणार नव्हती. शिमग्याला मी ते पाकीट घेतलं असतं तर थांबावं लागलंच नसतं. माझ्या ताठ्यापायी तुमच्या लेकीची तीन वर्षं गेली, हे मला त्या आठव्या पानावर लख्ख दिसलं. नंदाला सांगितलं. तिनं कागदाची पुन्हा घडी घातली. मग म्हणाली, "आण्णांना नका सांगू. त्यांचं वाण आहे ते."

पुढच्या वर्षी दिवाळी झाल्यावर नंदाला जिना चढवेना. फुफ्फुसात पाणी झालं, पाच दिवस दवाखान्यात. खिडकीवरच्या मुलीनं कागद बघून मान हलवली आणि मला आठवं पान वाचून दाखवलं. मी म्हणालो, "माहीत आहे." तरी नियम म्हणून तिनं अर्ज विमा कंपनीकडं पाठवलाच. सरकारी योजना त्या दवाखान्यात नव्हती, आणि ज्या डॉक्टरांनी तिचा फुगा केला त्यांच्याशिवाय नंदा दुसऱ्या कुणाकडं जायला तयार नव्हती. कंपनीचा फंड त्यासाठी काढला. त्याआधी किती फॉर्म, किती सह्या, फोनवर किती वेळ 'यासाठी एक दाबा, त्यासाठी दोन दाबा'. मामा, माणूस आजारानं दमतो त्याहून जास्त या कागदांनी दमतो. घरी आल्यावर आम्ही दोघं दोन दिवस नुसते झोपलो.

संक्रांतीला तुम्ही आमच्याकडं किकवीला आलात, नवा तांदूळ घेऊन. मी तेव्हा वजनकाट्यावर कामाला लागलो होतो. वाळूच्या, उसाच्या गाड्या काट्यावर घ्यायच्या आणि वजनाची चिठ्ठी द्यायची. तुम्ही थेट तिथंच आलात. माझ्या केबिनमधल्या स्टुलावर बसलात, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघत राहिलात. बऱ्याच वेळानं विचारलंत, "दवाखान्यात पॉलिसी चालली का वं?"

"चालली की, मामा. तुमच्यामुळंच झालं सगळं."

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मी चिठ्ठ्या लावत होतो. "बरं झालं," म्हणालात, माझ्या पाठीवर हात ठेवलात आणि लगेच काढून घेतलात. चौदा वर्षांत तेवढा एकदाच. मला वाटलं, समाधान झालं म्हाताऱ्याचं. एक खोटं बोललो पण पुण्याचं बोललो, असं मीच मला समजावलं.

हप्ता तुम्ही पुढंही भरत राहिलात. मी दर वर्षी म्हणायचो, या वेळी मी भरतो. तुम्ही म्हणायचात, "वान एका धोंड्यापास्नं दुसऱ्या धोंड्यापतुर चालतंय. मंग तुमचं तुमी." असा नियम कुठल्या पोथीत आहे, असं मामी विचारायच्या आणि तुम्ही हसायचात. मी फार ताणून धरायचो नाही, हे कबूल करतो. काट्यावरचा पगार भाडं आणि गोळ्या यांतच संपायचा. आणि हप्ता चुकला तर ती तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून, ही भीती वेगळीच. तुमच्या रविवारच्या गाड्यांच्या पैशांवर आमचं घर टेकलं होतं. मी मात्र मनात म्हणायचो, बिचाऱ्याला ठाऊकच नाही आपण कशासाठी भरतोय ते. तुमची कीव केली मी. याची आता सगळ्यात जास्त लाज वाटते.

शेवटचं भांडण चैत्रात झालं, तुमच्या गावच्या जत्रेला. मी म्हणालो, आता बास, या वर्षीपासून माझा हप्ता मी भरणार. तुम्ही म्हणालात, "धोंड्याला या, मंग बघू." मी चिडलो, "प्रत्येक गोष्टीला धोंडा कसला लावता?" आवाज चढला माझा, दोन पाहुण्यांनी वळून बघितलं. तुम्ही नुसते हसलात आणि माझ्या ताटात आणखी एक पुरणपोळी टाकायला मामींना सांगितलंत. ती मी खाल्ली नाही. तशीच टाकून उठलो.

मग तो रविवार. तुम्ही आंब्याखाली बाजेवर होता, हातात पुठ्ठे होते. गड उतरून आलेल्यांना वाटलं, बाबांना डुलकी लागलीय. त्यांनी पैसे तुमच्या चिमट्याखाली ठेवले आणि आवाज न करता गाड्या ढकलत रस्त्यापर्यंत नेल्या. मामी चहा घेऊन आल्या तेव्हा कळलं.

आता डबा. वर नंदाचं गुणपत्रक, भोकासकट. त्याखाली पॉलिसीचे कागद, तीन वर्षांचे, टपालानं पालीला आलेल्या प्रती. पहिल्या वर्षीच्या पॉलिसीच्या आठव्या पानाला भोक होतं. म्हणजे ते तुम्ही नंतर कधीतरी वाचलं होतं. त्या तीन वर्षांच्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ, आणि शेजारी तुमच्या वाकड्या अक्षरात दोन शब्द: 'पुढला धोंडा'. त्याखाली विमा कंपनीचं पत्र. नंदाच्या दवाखान्याचा खर्च मंजूर होत नाही, सबब जुना आजार. पालीच्या पत्त्यावर आलेलं, मार्गशीर्षातलं. कोपऱ्याला भोक.

संक्रांतीला तुम्ही माझ्या केबिनमध्ये येऊन बसलात, तेव्हा हे पत्र वाचून तुम्हाला महिना झाला होता, मामा.

मी परवापासून त्या स्टुलाचाच विचार करतोय. सगळं माहीत असून तुम्ही मला का विचारलंत? मला वाटतं, तुम्ही बोलायला आला होता. धोंड्याची वाट बघण्यात मुदत गेली, माझ्या हातून चूक झाली, असं काहीतरी तुमच्या पोटात होतं. आणि मी 'चालली की' म्हणून तुमचं तोंडच बंद केलं. तुमची चूक नव्हती हो. चूक शिमग्याला झाली होती, माझ्या कॉटवर, ते पाकीट मध्ये असताना. हे एक वाक्य मला तुमच्यापुढं म्हणता आलं असतं तर दोघांच्याही डोक्यावरचं ओझं उतरलं असतं. दोघंही एकमेकांना जपत बसलो. आता मी एकटाच उरलोय आणि ते वाक्य कागदावर लिहितोय.

तुमचा तो पोथीत नसलेला नियमही आत्ता समजला. एका धोंड्यापासून दुसऱ्या धोंड्यापर्यंत जवळजवळ तीन वर्षं होतात. कंपनीनं सांगितलेला थांबा तुम्ही तुमच्या पंचांगात बसवलात आणि मला एका शब्दानं न सांगता भरत राहिलात. मी तुमची कीव करत होतो आणि तुम्ही माझ्यासाठी थांब्यावर उभे होता.

डब्याच्या तळाशी नवं टोपी-उपरणं होतं, या धोंड्यासाठी घेऊन ठेवलेलं. मामी म्हणाल्या, "औंदा आपल्यात धोंडं न्हाई. वरीसभर ग्वाड न्हाई करायचं." मी मान हलवली. उपरण्याच्या घडीत या वर्षीच्या हप्त्याची पावती निघाली. मुदतीच्या आधीच भरलेली. जत्रेत मी तुमच्यावर आवाज चढवला, त्याच्या चार दिवस आधीची तारीख. म्हणजे मी ओरडत होतो तेव्हा ती तुमच्या डब्यात होती, आणि तुम्ही हसून पोळी वाढायला सांगत होता.

नंदा बरी आहे. तुमच्या फोटोपुढं बसून राहते. डॉक्टर म्हणालेत, दिवाळीच्या आत झडप बदलायला हवी. श्रावणात तीन वर्षं पूर्ण होतायत. मी आठवं पान पाच वेळा वाचलं, एजंटला विचारलं, कंपनीला फोन लावला, सगळे आकडे दाबले. या वेळी बसतंय, मामा. ज्यावर तुम्ही 'हाय ते समदं लिवा' म्हणालात, त्याच कागदावर बसतंय. एजंटनं विचारलं, टपालाचा पत्ता आता किकवीचा करू का? नको म्हणालो. पालीचाच राहू दे.

या वर्षीच्या पावतीला भोक नाही. मामींनी चिमटा माझ्याकडं दिलाय, समोरच ठेवलाय. नंदा दवाखान्यातून चालत घरी आली की पाडतो.